सांडव्यापर्यंतचा पाऊस

जुलै सरत आला की सोलापूर, तुळजापूर, उमरगा, अक्कलकोट या टापूत एक प्रश्न फिरू लागतो : नर-मादी सुरू झाला का? एसटीच्या बाकावर, किराणा दुकानात, नातेवाइकांच्या फोनवर तोच प्रश्न. उत्तरही बहुधा तेवढेच आखूड असते. ‘अजून नाही, धरण भरायचंय.’ किंवा, ‘हो, कालपासून पडतोय, या.’ नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीच्या पाण्यावर बांधलेल्या बंधाऱ्याला दोन सांडवे आहेत. एकाला नर म्हणतात, दुसऱ्याला मादी. त्यांतून पाणी कोसळू लागले की सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या या गावात रविवारी गाड्या लावायला जागा उरत नाही. एखाद्या साली हे आठवडेच्या आठवडे चालते, एखाद्या साली सांडव्यांचे दगड पावसाळाभर कोरडे राहतात. पाहुणचार करणारे धाराशिव जिल्ह्यातले हे ठिकाण रोजच्या नोंदीवर फार अवलंबून आहे.

थंड मुलुखांत असल्या प्रश्नाची उत्तरे देण्याची पक्की घडी बसलेली आहे. स्कीइंगच्या गावांत सकाळी उजाडायच्या आत माणसे उतारांवर जातात. एका सपाट पांढऱ्या फळीवर रात्रीत किती बर्फ साचला ते मोजतात आणि फळी पुसून दुसऱ्या दिवसासाठी पुन्हा मांडतात. मग दिवसाची नोंद निघते : गेल्या चोवीस तासांत पडलेला बर्फ इतका, एकूण थर इतका, वाटा इतक्या खुल्या, इतक्या बंद. बर्फाचा पोतही त्यात लिहिलेला असतो. भुसभुशीत आहे, दाबून घट्ट झालेला आहे, की रात्रीच्या गारठ्याने काचेसारखा कडक झाला आहे, हे कळल्याशिवाय जाणकार माणूस पायात स्की बांधत नाही. हिमस्खलनाचा धोका वेगळा सांगतात. युरोपातल्या देशांनी १९९३ पासून त्यासाठी पाच पायऱ्यांची एकच मोजपट्टी धरली आहे. या मोजपट्टीची एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सर्वाधिक माणसे पाचव्या पायरीच्या दिवशी मरत नाहीत, त्या दिवशी कोणी घराबाहेरच पडत नाही. ती मरतात तिसऱ्या पायरीच्या दिवशी, जेव्हा आभाळ स्वच्छ असते, उतार देखणा दिसतो आणि धोका आहे खरा, पण जमेल, असे मनाला वाटते.

आपल्या देशात हे सगळे काश्मिरातल्या गुलमर्गला जवळून पाहायला मिळते. तिथल्या गोंडोला रोपवेचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला आणि २००५ मध्ये दुसरा टप्पा अफरवत पर्वताच्या खांद्यापर्यंत, जवळपास चार हजार मीटर उंचीवर गेला. १ फेब्रुवारी २०२३ ला याच अफरवतच्या उतारावर हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू दगावले. पुढच्याच हिवाळ्यात, जानेवारी २०२४ मध्ये, गुलमर्गच्या कुरणांवर बर्फच नव्हता. सुकलेले पिवळे गवत उघडे पडले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा तिथला टप्पा बर्फाअभावी पुढे ढकलावा लागला आणि मार्चमध्ये पार पडला. म्हणजे ‘जानेवारी-फेब्रुवारीत गुलमर्गला बर्फ असतो’ हे वाक्य तिकीट काढणाऱ्याच्या आता फारसे उपयोगाचे राहिलेले नाही. त्याला हवी असते आजची नोंद.

धाराशिवच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

नळदुर्गचा बंधारा पाहताना पहिल्यांदा डोळ्यांत भरते ते त्याच्या बांधणाऱ्यांचे धाडस. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ मध्ये, हे काम झाले. मुख्य किल्ला आणि शेजारची रणमंडळ नावाची टेकडी यांच्यामध्ये नदीचे पात्र वळवून आणले होते. त्या पात्रावर सुमारे ९० फूट उंचीची काळ्या दगडाची भिंत उभी केली. तिने एकाच वेळी तीन कामे साधली. किल्ल्याला बारमाही पाणी मिळाले, खंदकाची गरज भागली आणि दोन तटबंद्या जोडणारा पूलही तयार झाला. एवढ्यावर बांधणारा थांबला नाही. पाण्याच्या रेट्याखाली असलेल्या त्या भिंतीच्या पोटात त्याने पायऱ्या उतरवल्या आणि एक महाल कोरून काढावा तसा बांधला. तोच पाणीमहाल. सांडवे वाहू लागले की महालाच्या कमानीदार सज्ज्यासमोरून पाणी खाली झेपावते, आणि आत उभ्या असलेल्या माणसाचा अंगरखाही भिजत नाही. धरणाच्या भिंतीत पोकळी ठेवणे ही आजच्या अभियंत्यालाही घाम फोडणारी गोष्ट. इथे ती पोकळी नुसती ठेवलेली नाही, तर बसून पाऊस पाहण्यासाठी नटवलेली आहे. चारशेहून अधिक पावसाळे तिच्या डोक्यावरून गेले आहेत.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर नळदुर्गचा प्रदेश इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हा इथला कारभार पाहायला आलेला अधिकारी होता फिलिप मेडोज टेलर. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लिहिणारा तोच. जिल्ह्याचे ठाणे तेव्हा नळदुर्गला होते. धाराशिवला ते पुढे गेले. टेलर किल्ल्यातच राहिला आणि आत्मकथेत त्याने या किल्ल्याविषयी आणि बंधाऱ्याविषयी जिव्हाळ्याने लिहिले आहे. रस्ते, तलाव, मोजणी यांत रमणारा माणूस होता तो. अशा माणसाला ही भिंत भुरळ पाडणारच.

पण धबधबा सुरू कधी होतो? इथे पुष्कळ पाहुणे फसतात. सोलापुरात रात्रभर पाऊस कोसळला म्हणून सकाळी निघावे, तर नळदुर्गला भिंत कोरडी. उलट, आठ दिवस ऊन पडलेले असताना सहज वाट वाकडी करून जावे, तर दोन्ही सांडवे भरभरून पडत असलेले. याचे कारण असे की पाण्याला सांडव्यापर्यंत पोहोचण्याआधी वाटेत पुष्कळ देणी फेडावी लागतात.

पहिला वाटा जमिनीचा. मे महिन्यात बालाघाटच्या उतारांवरची काळे रान तळहात जाईल इतके भेगाळलेले असते. मृगाचा पाऊस त्या भेगांतच जिरतो. त्या दिवसांत शेतकरी पाऊस मिलिमीटरमध्ये मोजत नाही. बांधावर बसून तो खुरप्याने किंवा काठीने माती उकरतो आणि ओल किती खोल गेली ते पाहतो : चार बोटे, वीतभर, हातभर. वीतभर ओल नसेल तर कोरडे आणि ओले ढेकूळ यांच्या सीमेवर सोयाबीनचे बी फसते, उगवून करपते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नका, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो; त्या सांगण्याचा आणि वीतभर ओलीचा हिशेब साधारण एकाच जागी येतो. ओलीनंतर वाफशाचा प्रश्न. पाऊस भरपूर झाला, पण रानात पाय घालवत नाही, चपलेला किलोभर चिखल येतो, तेव्हा वाफसा आलेला नसतो आणि तिफण घालता येत नाही. दोन दिवसांची उघडीप मिळाली की वाफसा येतो. तो एक-दोन दिवसच टिकतो. स्कीइंगच्या गावातल्या नोंदीत बर्फाची खोली आणि बर्फाचा पोत असे दोन वेगळे रकाने का असतात, हे धाराशिवच्या कुणब्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्याच्याकडे ते रकाने ओल आणि वाफसा या नावांनी आहेत.

जमीन भागली की मग ओढे-नाले. ते वाहू लागले की नळदुर्गच्या वरच्या अंगाला असलेले बोरी धरण. तुळजापूर, नळदुर्ग, अणदूर या गावांचे पिण्याचे पाणी त्याच्यावर. ते शंभर टक्के भरून सांडव्यावरून वाहू लागले की नदी खाली किल्ल्यात शिरते, किल्ल्यातला जुना साठा भरतो आणि सगळ्यांत शेवटी नर-मादी. त्यामुळे धबधबा आजच्या पावसाचा पुरावा नसतो. जूनपासून पाणलोटात पडलेल्या एकेका सरीची ती बेरीज असते, आणि आधीचे सगळे वाटे वजा जाऊन उरलेली. अशी बेरीज बर्फावरूनही मांडता येते. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात जेम्स चर्च नावाचे लॅटिनचे प्राध्यापक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भर हिवाळ्यात माउंट रोझ डोंगर चढत. पोकळ नळी बर्फात खुपसून ते आतल्या बर्फाचे वजन करत. सर्वसाधारणपणे दहा सेंटीमीटर ताज्या बर्फात एक सेंटीमीटर पाणी असते, पण कोरड्या बर्फात त्याहून बरेच कमी आणि ओल्या बर्फात बरेच जास्त. म्हणून नुसती खोली मोजून भागत नाही. चर्च यांनी त्या वजनांवरून उन्हाळ्यात टाहो सरोवराची पातळी किती चढेल याचा अंदाज बांधला, आणि सरोवराच्या काठचे लोक व खालचे पाणी वापरणारे यांच्यातला वाद शमवायला त्याचा उपयोग झाला. स्कीइंगच्या गावाला जो बर्फ म्हणजे मौज, तोच खालच्या शेतकऱ्याला धरण. बोरीच्या काठीही तसेच आहे. पाहुण्याला सांडव्यावरून पडणारे पाणी दिसते. तुळजापूरच्या माणसाला त्यात पुढच्या उन्हाळ्याचे नळ दिसतात.

ही बेरीज मांडण्यासाठी रोजची नोंद लागते आणि ती होतेही. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. रात्री बाराशी त्याचा संबंध नाही. पूर्वी तहसील कचेरीच्या आवारातला पर्जन्यमापक उघडून कर्मचारी काचेच्या मापात पाणी ओतत. आता महावेध प्रकल्पातली स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळांत बसली आहेत. पावसाळ्यात जिल्हाभरच्या मंडळांचे आकडे, प्रकल्पांचा उपयुक्त साठा, येवा आणि विसर्ग रोज कागदावर येतात. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, वाशी, परंडा हे आठ तालुके. त्यांतून जाणारा पाणलोटाचा कणा असा की एका बाजूचे पाणी तेरणा-मांजरेतून गोदावरीला आणि दुसऱ्या बाजूचे सीना-बोरीतून भीमेला, म्हणजे कृष्णेला मिळते. जिल्ह्याची एकच सरासरी काढणे इथे किती फसवे आहे ते या भूगोलातच आहे.

त्या कागदावरचा एक आकडा माणसांचे वर्ष ठरवतो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर. महसूल मंडळात तेवढा पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी. पंचनाम्याची आणि मदतीची वाट तिथून सुरू होते. हवामान खात्याच्या साध्या मापकाचे तोंड २०० चौरस सेंटीमीटरचे असते. त्यात ६५ मिलिमीटर पाऊस म्हणजे १,३०० मिलिलिटर पाणी. ६४ मिलिमीटर म्हणजे १,२८०. फरक वीस मिलिलिटरचा, चार चमचे. त्या चार चमच्यांच्या अलीकडे-पलीकडे अनेक गावांचा खरीप उभा असतो आणि मापक मात्र एका गावात. शिवारात ढग कसा पडतो हे ज्याने पाहिले आहे त्याला ठाऊक असते की एका बांधावर पाऊस आणि दुसऱ्या बांधावर धूळ हा रोजचा अनुभव आहे. २०२३ मध्ये शासनाने सततच्या पावसालाही आपत्ती मानायचे ठरवले, हे बरे झाले. पंधरा-पंधरा दिवसांची झड ६५ चा आकडा कधीच गाठत नाही, पण उभे सोयाबीन जागच्या जागी काळे पडते. मापके वाढवावीत, गावोगावी बसवावीत, ही मागणी म्हणूनच साधी आणि रास्त आहे.

याच जिल्ह्याने दुसरे टोकही पाहिले आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले आणि १२ एप्रिलला मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. ती गाडी कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव या मार्गानेच गेली; दुष्काळी शिवारांतून, तहानलेल्या स्थानकांवरून. आता एक हिशेब मांडून पाहावा. एका एकरावर ६५ मिलिमीटर पाऊस म्हणजे दोन लाख साठ हजार लिटरांहून अधिक पाणी. देशभर गाजलेल्या त्या पहिल्या गाडीतले सगळे पाणी म्हणजे अतिवृष्टीच्या एका दिवसात दोन एकरांवर पडणारे पाणीसुद्धा नाही.

आणि तोच पाऊस उदार झाला तर? ऑक्टोबर २०२० च्या मध्यात परतीच्या पावसाने तुळजापूर तालुक्यात काटगाव, अपसिंगा भागात काढणीला आलेले पीक वाहून नेले. सप्टेंबर २०२५ मध्ये, नेमके नवरात्र बसत असताना, भूम आणि परंडा तालुक्यांत रात्रीतून पाणी चढले. एरवी टँकरची वाट पाहणारी परंड्याची गावे सीनेच्या पुरात वेढली गेली. एनडीआरएफच्या होड्या आणि हेलिकॉप्टर लावून माणसे काढावी लागली. गोठ्यातली जनावरे दाव्याला बांधलेलीच गेली. नुसते पीक गेले असते तर एक हंगाम गेला असता. इथे मातीच खरडून गेली, खाली मुरूम उघडा पडला. राज्य शासनाने ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. काळ्या मातीचा थर पुन्हा बसायला किती माणसांची आयुष्ये जातील हे कोणत्या तक्त्यात मांडायचे?

‘कायम दुष्काळी जिल्हा’ ही ओळख धाराशिवला फार घट्ट चिकटली आहे. तिच्यामुळे पुराची तयारी मागे राहते. सरासरीच्या भरवशावर इथे धोरण आखू नये आणि सहलही.

नळदुर्गला परत येऊ. धबधबा पाहायला येणाऱ्यांसाठी रोजचा एक साधा फलक लागायला हवा. त्याला लागणारी जवळजवळ सगळी माहिती आजच कुठल्या ना कुठल्या कचेरीत सकाळी तयार असते. बोरी धरणाची टक्केवारी आणि सांडव्यावरून चाललेला विसर्ग पाटबंधारे खात्याकडे, वरच्या मंडळांतला पाऊस महसूल खात्याकडे. उरते ती वाटेची खबर, आणि ती किल्ल्यातला रखवालदार डोळ्यांनी पाहून सांगू शकतो. पाणीमहालाच्या पायऱ्यांवर शेवाळ आले आहे का, भिंतीवरून जाण्याची वाट पाण्याखाली आहे का, आत उतरायला आज परवानगी आहे का, रणमंडळाच्या बाजूला चिखल किती आहे. हिमस्खलनाच्या तिसऱ्या पायरीबद्दल वर सांगितले ते इथेही मनात आणावे. सांडवे धो-धो वाहतात त्या दिवशी लोक आपणच मागे सरतात. पाणी ओसरलेले, ऊन पडलेले, दगड वरून सुकल्यासारखे दिसणारे आणि फोटोसाठी काठापर्यंत जावेसे वाटणारे दिवस अधिक वाईट. त्या दिवसांसाठी फलकावर ठळक ओळ हवी.

येडशीजवळच्या रामलिंगालाही असेच करता येईल. अभयारण्याच्या दरीत उतरणाऱ्या पायऱ्या, खाली मंदिर, शेजारून वाहणारा ओढा. श्रावणात तिथे लेकराबाळांसह माणसे येतात आणि वरच्या डोंगरावर झालेला पाऊस खाली ओढ्यात काही वेळाने पोहोचतो. वर किती पडला हे खाली उभ्या असलेल्यांना वेळेत कळणे ही अवघड गोष्ट नाही. एक फोन पुरतो, तो कोणी करायचा ते ठरलेले असले म्हणजे झाले.

पावसाळा संपत आला की आणखी एक मोठी वाट जागी होते. दसऱ्यानंतर तुळजाभवानी श्रमनिद्रेला पलंगावर जाते आणि आश्विन पौर्णिमेच्या पहाटे पुन्हा सिंहासनावर येते. त्या दिवसासाठी सोलापुरातून, कर्नाटकाच्या सीमाभागातून लाखो माणसे पायी निघतात. सोलापूर ते तुळजापूर हे पंचेचाळीस किलोमीटरचे अंतर बहुतेक जण रात्री तोडतात. अवजड वाहनांना तेव्हा हा रस्ता बंद असतो. बरेच जण अनवाणी. परतीचा पाऊस नेमका याच पंधरवड्यात घुटमळतो. वाटेत चहा-केळी वाटणारे मांडव, पायाला तेल चोळून देणारी तरुण मंडळे, वैद्यकीय मदतीची पथके हे सारे कित्येक वर्षांचे आहे आणि ते पाहून ऊर भरून येतो. या मांडवांना ध्वनिक्षेपक असतातच. आज रात्री पुढच्या टप्प्यावर पाऊस आहे का, साइडपट्टीवर खडी उघडी पडली आहे का, कुठल्या ओढ्याच्या पुलावर पाणी आहे, घाटात दरड किंवा धुके आहे का, एवढे दर तासाला एका मांडवाने दुसऱ्याला कळवावे आणि भजनाच्या दोन पदांमध्ये सांगावे. चालणारी माणसे एकमेकांना ते विचारतच असतात. समोरून परतणारा भेटला की त्याला थांबवून आधी ‘आई उदे’ म्हणतात आणि लगेच विचारतात, पुढे रस्ता कसाय?